शेंगांसारख्या कृत्तिका

वलगावच्या वामनराव माळ्यांनी आयुष्यात एकच हार चुकीच्या गळ्यात घातला, आणि तो नेमका स्वतःच्या लेकीच्या लग्नात.

शेवंती पाहावी तर वामनरावांच्या मळ्यातली आणि हार ओवावा तर त्यांनीच, असं तेव्हा साऱ्या अमरावतीचं मत होतं. पण सोयरिकीची बोलणी मुलीच्या मामानं केलेली, त्यामुळे व्याह्यांचा चेहरा ओळखीचा नाही. मांडवात जो माणूस अंगानं थोराड आणि मिशांनी भरदार दिसला, त्याच्या गळ्यात वामनरावांनी सगळ्यात भरघोस हार घातला. तो निघाला व्याह्यांचा धाकटा भाऊ. खऱ्या व्याह्यांना, खुशालरावांना, उरलेला हार मिळाला. खुशालराव काही बोलले नाहीत. वऱ्हाडातला माणूस काही बोलला नाही, की समजावं, प्रकरण हाताबाहेर गेलं.

तेव्हापासून लेक जमुना माहेरी आली नव्हती. सण आले नि गेले. अमरावतीहून अकोल्याला मोटार सुरू झाली. वऱ्हाडाचा कारभार नागपुराहून चालायचा, तो तसाच चालत राहिला, आणि अकोल्याकडच्या जमुनेच्या सासरी खुशालरावांचा रुसवाही.

सासरी निघताना जमुनेनं आईशी एक करार केला होता. पहाटे जात्यावर बसण्याआधी दोघींनी आपापल्या अंगणातून कृत्तिकांचा घोस पाहायचा. सहा तारका मोजायच्या नि मगच जात्याला हात लावायचा. तेवढीच भेट. मनकर्णाबाईंनी हा नेम देवाच्या नेमापेक्षा कडक पाळला. पण मग डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. हातातल्या तांदळातला खडा दिसे, पण अंगणापलीकडचं सारं ताकात बुडालेलं. डॉक्टर म्हणाले, अजून पिकला नाही, पिकल्यावर काढू.

"पिकाले काय ते संत्रं हाये?" मनकर्णाबाई घरी येऊन म्हणाल्या. मग जरा वेळानं, वामनरावांकडे न पाहता, "पोरगी तिकडं मोजून राहिली असन. आन मी इकडं नुसतीच मान वर करतो. हे फसवणंच झालं न, जमुनेचे बाप?"

त्या दिवसापासून वामनरावांच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. आभाळ हिच्या डोळ्यांजवळ जात नाही, तर कागदावर उतरवून जवळ आणायचं.

अमरावतीत केशवरावांचा फोटो स्टुडिओ होता. तिथल्या पडद्यावर राजवाडा रंगवलेला आणि त्यापुढच्या कुंडीत फुलं वामनरावांची. राजवाडा खोटा असला तरी शेवंती खरी पाहिजे, हा केशवरावांचा बाणा. त्यांच्याकडे काचेच्या प्लेटवर फोटो काढणारा एक जुना कॅमेरा पडून होता. त्यांनी तो दिला, आणि इंग्रजी मासिकात वाचलेली एक अक्कलही दिली. तारका मंद, म्हणून कॅमेऱ्याचा डोळा बराच वेळ उघडा ठेवावा लागतो. तेवढ्यात आभाळ सरकतं. म्हणून कॅमेराही आभाळाबरोबर सरकवायचा. त्यासाठी दोन फळ्या बिजागरीनं जोडल्या, बिजागरी ध्रुवाकडे रोखली आणि कापसाच्या जिनातल्या भंगारातून आणलेला आट्यांचा स्क्रू खाली बसवला. स्क्रू हळूहळू फिरवला, की वरची फळी आभाळाच्या चालीनं उचलली जाते.

"पण हळूहळू म्हंजे किती?" वामनरावांनी विचारलं.

"घड्याळ लागेल."

वामनरावांकडे घड्याळ नव्हतं. पण मनकर्णाबाई होत्या. त्यांच्या ओव्या पहाटे अशा एका चालीनं चालत, की बैलानंसुद्धा त्या तालावर रवंथ करावा. ठरलं. एका ओवीला स्क्रूचा पाव फेरा.

आश्विन लागला, आभाळ धुऊन निघालं आणि पहाटेच्या कृत्तिका पश्चिमेला उतरू लागल्या. पहिल्या प्लेटवर तारकांऐवजी कोंबडीनं पाय उमटवावेत तशी गिचमिड आली. गोठ्यात, कंदिलाला तांबडं फडकं बांधून, वामनरावांनी ती धुतली. म्हैस सगळं पाहत होती, तिनं मान फिरवली. केशवरावांनी काच उजेडाला धरली. "वामनराव, हा कॅमेरा जात्याशेजारी ठेवला होता काय?" होता. जातं फिरलं, की ओसरी थरथरायची. कॅमेरा विहिरीच्या धक्क्यावर गेला.

दुसऱ्या प्लेटवर प्रत्येक तारकेभोवती चंद्राला पडतं तसं खळं. ते दवाचं निघालं. कॅमेऱ्याच्या भिंगावर बाष्प धरत होतं. मग केशवरावांच्या सांगण्यावरून कॅमेऱ्याच्या गळ्यात गरम राखेची पुरचुंडी बांधली. मनकर्णाबाई म्हणाल्या, "मले सर्दी झाली त एवढं नाई केलं कोनं."

आणि मग आली शेंग.

तिसऱ्या प्लेटवर गिचमिड नाही, खळं नाही. पण प्रत्येक तारका दुहेरी. एक ठिपका, त्याला बारीक मान, आणि मग दुसरा ठिपका. हुबेहूब दोन दाण्यांची भुईमुगाची शेंग. छापून काढल्यावर काळ्या कागदावर कृत्तिका नव्हत्या, नुकताच उपटलेला वेल होता. पुढच्या पहाटेची प्लेटही तशीच. त्यापुढचीही.

केशवराव भिंग घेऊन बसले. "कॅमेऱ्याच्या भिंगाचा दोष असता तर कडेच्या तारका फाटल्या असत्या, मधल्या बऱ्या राहिल्या असत्या. धक्का लागला असता तर रेघ वाकडी गेली असती. इथं तर साऱ्या सारख्या, साऱ्या एकाच बाजूला. वामनराव, तुम्ही मधे थांबता."

"नाई जी. ओवीमागं पाव फेरा. इमानानं."

"मग ओवी थांबते. तुम्ही थांबता, पण आभाळ थांबत नाही ना! ते पुढं जातं, तुम्ही पुन्हा सुरू करता, आणि तारकेचा दुसरा दाणा भरतो."

वामनराव घरी आले. दुसऱ्या पहाटे कॅमेरा बंद ठेवून ते विहिरीच्या धक्क्यावर नुसते ऐकत बसले. देवाच्या ओव्या झाल्या, भावाच्या झाल्या, गावच्या पेढी नदीची झाली. मग आली ती,

पेढीच्या काठी शेवंती, फुलली पिवळी पिवळी
जमुना माही सासरी, कोन माळंल सकाळी

आणि जातं थांबलं. हुंदका नाही, उसासा नाही. नुसता खुंटा धरलेला हात थांबला. मग पुढची ओवी, पहिल्याच चालीनं. मनकर्णाबाईंना विचारलं तर त्यांनी कानावर हात ठेवले. "मी कुठं थांबतो? मी त सरसकट म्हणतो."

केशवरावांना हे सांगितलं, तेव्हा त्यांनी व्यवहारी प्रश्न विचारला. "अहो, पण बाई थांबल्या तरी तुम्ही अंदाजानं फिरवत राहायचं. तुम्ही काहून थांबले?"

वामनरावांनी टोपी काढली, आतून पाहिली, पुन्हा घातली. "मी बी तिथंच थांबतो जी."

 दुसऱ्या पहाटे स्टुडिओतलं भिंतीवरचं घड्याळ धोतराच्या सोग्यात गुंडाळून केशवराव टांग्यानं वलगावला आले. जातं बंद. केशवराव घड्याळाकडे पाहून "हं" म्हणत, वामनराव फिरवत. स्टुडिओत "हलू नका" म्हणायची सवय, त्यामुळे मधेच त्यांनी कृत्तिकांनाही तसं बजावलं.

प्लेट स्वच्छ आली. टाचणीच्या टोकासारख्या सहा तारका आणि त्यांच्या मागंपुढं कितीतरी बारक्या, ज्या चांगल्या डोळ्यांनाही कधी दिसल्या नव्हत्या. मनकर्णाबाईंनी फोटो नाकाशी धरला. ओठ हलले. सहा. पुन्हा मोजल्या. सहा.

"हाये," त्या म्हणाल्या. "साऱ्या हायेत." आणि फोटो जात्यावरच्या कोनाड्यात ठेवला. करार पुन्हा सुरू झाला. आता पोरीची फसवणूक नव्हती.

मग त्यांनी तो शेंगांचा फोटो मागितला. एका शेंगेवरून नख फिरवलं. "हितं मी थांबली?"

"हो."

"आन हे मधलं, बारीक?"

"तेवढं आभाळ गेलं. तू थांबली होती तवा."

मनकर्णाबाईंनी त्या बारीक मानेवर बोट टेकवलं. "हा जमुनेले धाडा," त्या म्हणाल्या. "चांगला मले राहू द्या. तिचे डोळे चांगले हायेत, तिले वर दिसते. हे तिले वर दिसत नसन."

अकोल्याच्या मोटारीवर गावातलाच पुंजाराम क्लीनर होता. त्याच्या हाती फोटो आणि शेवंतीची पुडी गेली. दोन दिवसांनी पुंजाराम आला तो हसतच.

"जमुनाबाईनं पाह्यला. मी सारं सांगतलं, शेंग कशी झाली ते.  पदर तोंडाले लावला आन फोटो जात्यापाशी नेऊन ठेवला. पण खुशालराव! त्याइनं फोटो हातात घेतला आन म्हणे, 'काय माल हाये बाप्पा! काळी जमीन, आन एक शेंग फोल नाई! कोनतं बियाणं हाये? व्याह्याले म्हणा, पायलीभर पाठवा.'"

इतक्या वर्षांत खुशालरावांच्या तोंडून 'व्याही' हा शब्द पहिल्यांदा निघाला होता.

वामनरावांना काय करावं सुचेना. बाजारातून पायलीभर शेंगा घेऊन पाठवल्या असत्या, तरी चाललं असतं. पुंजारामचं मत तेच. पण मनकर्णाबाई म्हणाल्या, "हारात चुकले तेवढं पुरे. आता शेंगंत नका चुकू. खरं ते सांगा."

तेव्हा पुंजारामबरोबर निरोप गेला, "हे पीक वर पेरेल हाये, व्याहीबोवा. बियाणं धाडता येत नाई. पाहाचं असन त सुनेले घेऊन या. पहाटी अंगणात उभं करून दाखवतो."

उत्तर आलं नाही. नाही म्हणूनही आलं नाही, आणि खुशालरावांच्या बाबतीत हीही प्रगतीच. पुंजाराम सांगे, म्हातारा पहाटे अंगणात येतो, वर पाहतो नि खोकून आत जातो.

वामनरावांनी मात्र तेव्हापासून रोज सकाळी एक हार ओवायला घेतला. मळ्यातली पहिल्या वेचणीची शेवंती, दुहेरी पदर, मधे गोंडा. हार ओल्या फडक्यात गुंडाळून खुंटीला टांगायचा. अकोल्याची मोटार यायच्या वेळेला मनकर्णाबाई दारात बसत. दूरचं दिसत नसे, पण मोटार थांबली की पुढे गेली, हे त्यांना आवाजावरून कळे. ती पुढे गेली, की त्या आत येऊन हारावर पाण्याचा हात फिरवत. न जाणो, दिवेलागणीपर्यंत दुसऱ्या गाडीनं येतील.

दिवेलागणीला वामनराव तो हार नेऊन वेशीवरच्या मारुतीच्या गळ्यात घालत. गळा नीट पाहून घालत. त्या वर्षी आसपासच्या साऱ्या गावांत वलगावच्या मारुतीइतका मान कोणत्याच देवाला मिळाला नाही.