रंगराव सुतारांचे एकोणीस पडदे

चिंचवडात बैलगाडीचं चाक म्हटलं की रंगराव सुतार, हे ठरलेलंच होतं. त्यांनी बसवलेला आरा निखळला किंवा काम अर्धवट परत आलं, असं सत्तावन्न सालापर्यंत कुणी म्हणालं नव्हतं. रंगराव स्वतःही म्हणत नसत, कारण ते मुळात फार बोलतच नसत. बोलायचं काम त्यांचा हातोडा करायचा. आरा चाकाच्या मधल्या तुंब्यात ठोकताना आवाज मोकळ्याचा भरीव झाला की आरा बसला. त्यापलीकडे जगात समजून घेण्यासारखं काही आहे, असं त्यांना वाटत नसे.

गिटारीचं काम त्यांच्याकडे आलं ते देहूच्या एका भजनी मंडळामुळे. मंडळाच्या वीणेची खुंटी सैल झाली होती, ती रंगरावांनी चहा थंड व्हायच्या आत बसवून दिली. ही बातमी देहूरोडच्या लष्करी डेपोत पोचेपर्यंत ‘चिंचवडात वाद्यं बनवणारा कारागीर आहे’ अशी झाली. डेपोतले स्टोअरकीपर कुतिन्हो एका सोमवारी सायकलला गिटार बांधून हजर झाले.

“ही माझ्या पप्पाची,” कुतिन्हो म्हणाले. “मडगावहून आणलेली. पडदे बघा, घासून घासून गेले. पडद्यांची नवीन तार मुंबईहून मागवली. फक्त बसवायची.”

गिटारीच्या मानेवर एक काळी लांब पट्टी होती आणि तिच्यात आडवे रोवलेले धातूचे एकोणीस पडदे होते. बोटांखाली झिजून त्यांना खळगे पडले होते. नव्या तारेची पाठ वरून गोल होती आणि खालच्या अंगाला दातेरी पातं होतं. ते पातं पट्टीच्या खाचेत शिरलं की काम झालं.

“ठोकून बसंल,” रंगराव म्हणाले.

“रविवारी अकराला माझी लॉरी आहे. बदली झाली, अवडीला. मद्रासकडे. तिकडे मी कुणाला शोधू? होईल ना?”

“व्हईल की.”

‘व्हईल की’ म्हटल्यावर काम न झाल्याचं उदाहरण नव्हतं. कुतिन्हो निर्धास्त गेले आणि रंगरावांनी पकडीनं एकोणीसच्या एकोणीस जुने पडदे उपटून काढले. हे मात्र फार छान जमलं.

मंगळवारी नव्या तारेचे एकोणीस तुकडे करून ठोकायला बसले. पहिल्या पडद्याचं डावं टोक ठोकलं, तर उजवं उठलं. उजवं ठोकलं, तर डावं उठलं. मध्ये ठोकलं, तर दोन्ही टोकं वर आली आणि पडदा होडीसारखा दिसू लागला. शिवाय प्रत्येक ठोक्याला गिटार आतून गुंगुं करून कण्हायची. बाभळीचा तुंबा मार खाऊन गप्प राहतो. हे लाकूड तक्रार करणारं होतं.

“अवो, हळू,” शालनबाई चुलीपासून ओरडल्या. “रडतंय त्ये!”

शेजारी सोपानराव लोहाराचं दुकान होतं. हातातलं काम टाकून दुसऱ्याच्या कामात लक्ष घालायला सोपानरावांना मनापासून आवडे. ते येऊन वाकले.

“रंगराव, ही चीज ठोकायची न्हाई. दाबायची. ठोका उसळतो, दाब बसतो.”

“मग दाबू की. तुज्या शेगड्यात.”

शेगडा म्हणजे लोहाराचा लोखंडी जबडा. फिरवीत गेलं की आवळत जातो. पण त्यात मान घालावी तर मागून ती गोल, घसरायची. आणि शेवटचे सात पडदे तर गिटारीच्या पेटीवरच होते. एवढी रुंद पेटी जबड्यात शिरणार कशी? दोघांनी गिटार उभी धरून पाहिली, आडवी धरून पाहिली, एकदा तर उलटी टांगून पाहिली. येणारेजाणारे थांबून बघू लागले, तेव्हा रंगराव ती उचलून घरी आले.

बुधवारी सोपानरावांनी लॉरीचा जॅक आणला. मुंबई रस्त्यावरच्या लॉऱ्या त्यांच्याकडे दुरुस्तीला थांबत, आणि एक ड्रायव्हर जॅक विसरून गेला होता. बेत सुटसुटीत होता. दारात बाकावर गिटार ठेवायची, पडद्यावर फळकुट, फळकुटावर जॅक, आणि जॅकचं डोकं दाराच्या वरच्या चौकटीला. जॅक लांब केला की चौकट हलणार नाही, म्हणजे पडदाच खाली जाईल. सोपानरावांनी दांडा फिरवायला घेतला.

“काय जातंय का खाली?”

“न्हाई. अजून फिरव.”

“आता?”

“पेटी कुरकुरतीया. पन पडदा जागचा हलंना.”

“मग जातंय काय तिज्यायला?”

जात होती ती चौकट, आणि वरच्या दिशेला. हे आधी शालनबाईंच्या लक्षात आलं, कारण कौलाचा तुकडा त्यांच्या पिठात पडला.

“घर उचाललं की वो ह्यांनी!” त्या बाहेर धावल्या. “सोपानभावजी, ठिवा ते खाली! येका बाजाच्या पायी आमाला उघड्यावर आणताव काय?”

जॅक उतरवला. चौकट जवळजवळ मूळ जागी आली; पुढं ते दार उन्हाळ्यात नीट लागे आणि पावसाळ्यात लागत नसे. पेटी मात्र शाबूत होती. रंगरावांनी तिच्यावर कान ठेवून वाजवून पाहिलं, तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. बुधवार संपला आणि एकही पडदा बसला नव्हता.

त्या दिवशी रंगराव भाकरी मोडून बसून राहिले. रविवारी माणूस येईल आणि बापाची गिटार मागेल. तिचे पडदे उपटणारे हात हेच, आणि बसवता न येणारेही हेच. अवडी कुठे आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं. पण तिथे लोक गिटारीकडे बघून ‘हे कुणी केलं?’ असं विचारतील आणि उत्तरात चिंचवडचं नाव येईल, एवढं त्यांना स्पष्ट दिसत होतं.

गुरुवारी सकाळी मात्र ते हुरूपानं उठले. उन्हाळ्यात लाकूड सुकून चाकाचे आरे खिळखिळे झाले की गाडीवाला काय करतो? चाक पवनेत बुडवून ठेवतो. लाकूड पाणी पितं, फुगतं आणि आऱ्याला गच्च धरतं. आयुष्यभर त्यांनी लोकांना हाच सल्ला दिला होता आणि तो एकदाही फसला नव्हता. पडदे हातानं खाचेत नुसते टेकवायचे आणि लाकडाला पाणी पाजायचं. धरील की मग लाकूडच!

गिटार नदीत बुडवण्याइतके रंगराव अडाणी नव्हते. त्यांनी मानेला ओलं गोणपाट गुंडाळलं आणि शालनबाईंना सांगितलं, “जाताजाता तांब्याभर वतत जा.” शालनबाई कामसू. दिवसभर तुळशीला जेवढं पाणी मिळालं नाही, तेवढं गिटारीला मिळालं.

शुक्रवारी सकाळी गोणपाट सोडलं. पडदे गोणपाटाबरोबर गळून पडले. आणि काळी पट्टी एका टोकाला मानेपासून बोटभर वर उठली होती.

रंगरावांनी तिला हात लावला तर ती पूर्ण हातात आली. चाकात डिंक नसतो, सरस नसतो; लाकूड लाकडाला धरून असतं. गिटार सरसावर उभी असते, आणि सरसाला पाणी म्हणजे काय, हे कुठल्याही पेटी करणाऱ्या सुताराला कळलं असतं. रंगराव चाकवाले होते.

ते ओट्यावर बसले. एका मांडीवर बिनपट्टीची गिटार, दुसऱ्या मांडीवर पट्टी. सोपानराव आले, पाहिलं, आणि पहिल्यांदाच त्यांना काही सुचेना.

“मेलं का रं?”

रंगरावांनी गिटार बाजूला ठेवली. पट्टी हातात घेऊन ते तिच्याकडे बघत राहिले. दोन वितींची, दोन बोटं रुंद, खालून सपाट. मान नाही. पेटी नाही.

“सोपाना,” ते उठले, “शेगडा मोकळा हाय का?”

बाभळीचे दोन ठोकळे तासले. एक सपाट, पट्टीच्या पाठीशी. दुसऱ्याला पडद्याच्या पाठीसाठी बारीक पन्हळ. उन्हात पट्टी आधी कोरडी केली, वाकू नये म्हणून दोन फळ्यांत बांधून. मग शेगड्यात धरली आणि सोपानरावांनी दांडा सावकाश आवळला. पडद्याची दोन्ही टोकं एकदम, गुपचूप आत गेली. ना ठोका, ना उसळी.

“ह्ये बग!” रंगराव जवळजवळ ओरडले.

दिवस मावळेपर्यंत एकोणीस झाले. रात्री सरस कढवून पट्टी जुन्या खुणेवर चिकटवली, सुती दोरीनं आवळली आणि दोरीत पाचरी मारल्या. शनिवारभर गिटारीला कुणी शिवलं नाही. शालनबाई लांबून जात.

“त्यांना पान्याचं सांगू नगा,” त्या म्हणाल्या. “झालं न्हवं नीट?”

“इचारलं तर सांगीन.”

“ते कशाला इचारत्यात? पानी घातलं का, म्हून कुनी इचारतं व्हय?”

रविवारी कुतिन्हो वाजवायच्या नव्या तारा घेऊन आले. लॉरी रस्त्यावर उभी होती. त्यांनी तारा चढवल्या, अंगठा पडद्यांवरून फिरवला.

“कुठे टोचत नाही! रंगराव, केलं कसं तुम्ही?”

हे विचारणं झालं, असं रंगरावांनी धरलं. त्यांनी सगळं सांगितलं: हातोडा, जॅक, गोणपाट, पाण्याचे तांबे. पाण्याची गोष्ट आली तेव्हा कुतिन्होंनी गिटारीच्या मानेवर हात ठेवला, ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. मग वाजवू लागले. सूर वर चढत गेले आणि एका ठिकाणी बारीक भुणभुण आली.

“ह्ये काय?” रंगराव म्हणाले.

“काही नाही. एवढं चालतं. कुणाला कळणार?”

“मला कळलं न्हवं? आना हिकडं.”

लॉरीचा भोंगा वाजला. रंगरावांनी एक डोळा मिटला आणि चाकाचा तोल बघतात तसं मानेच्या टोकाकडून पाहिलं. सहावा पडदा केसभर वर होता. बारीक कानस आणली. भोंगा पुन्हा वाजला. ड्रायव्हरनं कुतिन्होंच्या नावानं हाक मारली, मग नाव सोडून मारली. रंगरावांनी कानशीचे चार हात दिले, बोटानं चाचपलं, आणखी दोन दिले.

“वाजवा.”

कुतिन्होंनी तीच जागा दाबून वाजवली. स्वच्छ.

“परत.”

परत स्वच्छ.

“आता न्या,” रंगराव म्हणाले, आणि कुतिन्हो गिटार छातीशी धरून लॉरीकडे पळाले.