पाण्यावर तरंगणारा कापूस

ही केस मी विसरलेलो नाही, पण पूर्ण अशी कुणाला सांगितलीही नाही.

गिरण्यांचा संप होऊन गेला होता. मी अंधेरीच्या एका पोलीस ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होतो. एका सकाळी गोराईला राहणारी एक नर्स रात्रपाळी संपवून थेट ठाण्यात आली. माझ्या टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासात तिनं कापसाचा बोळा टाकला. तो तरंगत राहिला.

"साहेब, जखमेचा कापूस टाकल्याबरोबर बुडायला पाहिजे. हा पाणी पीत नाही, तर जखमेतला पू काय शोषणार? आमच्या नर्सिंग होममध्ये टाके घातलेल्या दोन बाळंतिणी तापानं फणफणल्यात. आमच्याकडचा माल मी बाजूला काढलाय. पण हाच अजून कुठं कुठं गेलाय ते शोधा ना, लवकर."

पुरवठादाराकडून माग काढत आमचे हवालदार मरोळच्या एका गाळ्यापर्यंत पोचले. पंच घेऊन छापा टाकला. निळ्या कागदात गुंडाळलेले रोल, त्यावर 'निर्जंतुक' असा छापील शिक्का. मालक मालवणकडचा, संपात नोकरी गेलेला गिरणी कामगार. बिल एकही नाही.

ठाण्यात आणल्यावर त्याचं एकच पालुपद. "माका काय म्हायत नाय, साहेब. दलाल कापूस आणून टाकता, माल तोच उचलता."

"कापसाच्या धंद्यात आहेस, झोप मऊ लागत असेल ना रे?" हवालदारांनी टोमणा मारला.

"चटयेर निजतंय, साहेब."

मी दम दिला, हातही उचलला. दुपार झाली तरी तो हलेना. तिकडे कुठल्या तरी दवाखान्यात तो कापूस वापरात होता.

मुद्देमाल सील करायला हवालदार सुतळी कापत होते, तेव्हा चाकू निसटून त्यांच्या तळहातात घुसला. रक्ताची धार लागली. प्रथमोपचाराची पेटी नेहमीसारखीच रिकामी. मी समोरच्या रोलचा एक पुंजका तोडला आणि त्यांचा हात धरला.

"साहेब, तो नको!" आरोपी उठून उभा राहिला. "त्येंका तो लावू नकात!"

"का नको?"

तो भिंतीला टेकून खाली बसला आणि बोलू लागला. माणूस गेलं की घरचे त्याची गादी स्मशानाच्या बाहेर टाकून देतात. त्या गाद्या गोळा होऊन त्याच्याकडे यायच्या. तो कापूस पिंजायचा, ब्लीचिंग पावडरच्या पाण्यातून काढायचा, वाळवून रोल करायचा. मग त्यानं मुलुंड आणि घाटकोपरची गिऱ्हाइकं सांगितली. आम्ही लगेच फोन लावले, माणसं पाठवली. माल अडला. नर्सनं सांगितलेल्या दोन बाळंतिणींपैकी एक वाचली. दुसरी गेली.

"काय झकास डाव टाकलात, साहेब!" सगळं ठाणं म्हणत होतं. वरिष्ठांनीही पाठ थोपटली. हवालदारांनी मात्र हाताला पट्टी बांधून आल्यावर हळूच विचारलं, "तो ओरडला नसता तर?"

"अहो, डावच होता तो," मी म्हणालो. त्यांना ते पटलं.

डाव नव्हता. कापूस घाण आहे हे मला सकाळपासून माहीत होतं. पण त्या क्षणी रक्त पंचनाम्याच्या कागदांवर ठिबकत होतं आणि मला तेवढंच दिसत होतं. पुढे अनेक आरोपींसमोर बसलो. हा माणूस आपल्यापेक्षा वाईट, असं मनात धरून चौकशी सुरू करणं मला पुन्हा जमलं नाही.