तीन मंडळांचं एक मशीन

माझे यजमान तारापूरच्या वीजकेंद्राच्या बांधकामावर नोकरीला लागले आणि आम्ही साताऱ्याकडून उठून सालवडला आलो. शेजारणी सगळ्या अशाच, नवऱ्यामागून आलेल्या. दुपार खायला उठायची म्हणून आम्ही महिला मंडळ काढलं आणि मला बरं लिहिता येतं म्हणून चिटणीस केलं. मंडळानं करायचं काय, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. ते शिकवायला पालघरला शिबिर भरलं.

सभा कशी बोलवायची, अहवाल कसा लिहायचा, पाहुण्यांचे आभार कुठल्या क्रमानं मानायचे, सगळं शिकवलं. आभारांवर तर अख्खी दुपार गेली. शेवटी खादीतल्या एका बाईंनी सांगितलं की मंडळांनी एकेकटं राहू नये, ओळखी वाढवाव्यात, अडीनडीला एकमेकींच्या उपयोगी पडावं. जेवायला माझ्या एका बाजूला वाणगावच्या मंडळाची अध्यक्षा होती, दुसऱ्या बाजूला एडवणची. एडवणच्या बाईंनी घरून सुकटीची चटणी आणली होती, ती आम्ही तिघींनी वाटून खाल्ली. माझ्या जिभेला ती नवीनच होती. ओळख झाली ती अशी.

शिबिरानंतर प्रत्येक मंडळाला शिवणाचं मशीन मिळायचं होतं. आलं ते फक्त आमच्याकडे, हातानं फिरवायचं, लाकडी झाकणाचं. शिवण शिकवणारी बाई मागून येईल, काही महिने राहील, असं पालघरच्या कचेरीनं सांगितलं होतं. आम्ही मशीनला हळदकुंकू वाहिलं आणि तिची वाट बघत बसलो.

आमच्याकडे भांडी घासायला डोंगराकडच्या पाड्यावरची एक बाई यायची. तिचा नवरा वीटभट्टीवर गेला तो परतलाच नाही. भातकापणी उरकली की मुकादम पाड्यावर येऊन माणसं गोळा करायचा, आणि पोट चालवायला तिलाही दर साल त्याच भट्ट्यांवर जावं लागायचं. तिथंच तिचं पोर तापानं गेलं होतं. तिला आता भट्टीवर पाऊल टाकायचं नव्हतं. बोईसरच्या बाजारातला एक कापडवाला म्हणाला होता, पोलकं बेतून शिवता आलं तर काम देतो. म्हणून भांडी आटपली की ती मशीनपाशी बसायची. आम्ही बाकीच्या सुया मोडत होतो. तिचा हात मात्र पहिल्यापासून सरळ चालला. पण बेतणं आमच्यापैकी एकीलाही येत नव्हतं, तिला शिकवणार कोण? भातकापणीआधी शिवणाची बाई यावी, एवढंच तिचं मागणं होतं. मी ते पालघरला जाऊन सांगूनही आले.

शिवणाची बाई यायच्या आधी पाहणी आली. वरचे साहेब मंडळामंडळाला भेट देणार होते. वाणगावची अध्यक्षा धावत आली. साहेबांना रिकामी खोली कशी दाखवू, म्हणाली, तुमचं मशीन एक दिवस द्या. शेजारी बसून जेवलेल्या आम्ही, नाही कशी म्हणणार? तिथं मशीन चालवणारं कुणी नव्हतं, म्हणून मशीनबरोबर आमची भांडीवालीही गेली. मग एडवणहून तसाच निरोप आला. आधी सालवडला, मग वाणगावला, मग एडवणला, ती त्या त्या मंडळाची सभासद होऊन बसली. दर ठिकाणी तिला दुसरं लुगडं नेसवलं. मी सोबतीला होते. लहान मुलांच्या दुपट्याची कड ती सरसर शिवत गेली, आणि तिन्हीकडे साहेब तिच्यासमोर उभे राहून वा वा म्हणाले. साहेबांनी तिच्या तोंडाकडे पाहिलंच नाही, की पाहून गप्प राहिले, मला आजही कळलेलं नाही. दोन्हींचा मला सारखाच संताप येतो.

परतताना ती खुशीत होती. एवढा मोठा साहेब खूश झाला, आता शिकवणारी बाई लवकर धाडतील, असं तिला वाटत होतं. मलाही वाटत होतं.

कापणी तोंडावर आली तरी कुणी येईना. मी पुन्हा पालघरची कचेरी गाठली. तिथले गृहस्थ माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला.

"अहो, तुमच्याकडच्या बायका तर तयार झाल्यात," ते कौतुकानं म्हणाले. "तिन्ही मंडळांत साहेबांनी स्वतः पाहिलंय. शिकवणारी बाई आम्ही दुसरीकडे दिली, जिथं काहीच नाही तिथं."

खरं सांगायला माझं तोंड उघडलं होतं. सांगितलं असतं तर तिन्ही मंडळं उघडी पडली असती, आणि दुसरीकडे दिलेली शिकवणारी बाई काही परत आली नसती. चहा पिऊन मी गाडीत बसले.

मुकादमाचा ट्रक यायच्या आदल्या दिवशी ती भांडी घासून, पदराला हात पुसत मशीनपाशी उभी राहिली.

"बाई, ती शिकवनारी आता यायची नाय ना?"

मी नाही म्हटलं. ती का येणार नाही, तेही सांगितलं.

"म्हंजे मी सरळ शिवलं, म्हनून," ती म्हणाली, आणि झाकण लावून गेली.

पावसाळ्याच्या तोंडावर पाड्यावरचे लोक भट्ट्यांवरून परतले. ती परतली नाही. कुणी म्हणे दुसऱ्या भट्टीवर नेली.

पुढच्या शिबिरात आम्हा तिन्ही मंडळांना पुढच्या रांगेत बसवलं. आपसातल्या सहकार्याचा आदर्श, असं खादीतल्या बाई म्हणाल्या आणि मला चार शब्द बोलायला लावले. मी बोलले. आभारही क्रमानं मानले. जेवायला आम्ही तिघी पुन्हा शेजारी बसलो, सुकटीची चटणी होतीच. पुढच्या महिन्यात पुन्हा पाहणी आहे, असं वाणगावची म्हणाली, मशीन पाठवाल ना?

"पाठवीन," मी म्हटलं. "चालवणार कोण?"

मग एडवणच्या बाईंनी माझ्या पानात आणखी चटणी वाढली.