दहापैकी नऊ

माझे वडील सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि कडेगावला उसाच्या शेतीत रमले. सरहद्दीवर उमेदीची वर्षं काढलेल्या या माणसाची, लघवीचा त्रास होतोय हे बायकोला सांगायची मात्र छाती झाली नाही. ते तासातासाला ‘मोटर बघून येतो’ म्हणून उसात जायचे. आमच्या मोटरीची इतकी काळजी कुणी कधी घेतली नव्हती.

मग कंबर धरली. गावात तज्ज्ञांना तोटा नाही. एकाने गादी बदलायला लावली, दुसऱ्याने आष्ट्याला नेऊन कंबर चोळून आणली, तिसऱ्याने चहा पितापिता मणका सरकल्याचं निदान केलं. रक्त तपासा म्हणणारी मी एकटी. पण मी लोणंदच्या शाळेत मराठी शिकवते, मला काय कळणार?

शेवटी आई म्हणाली, “सांगलीला जाईस्तोवर मी सैपाक करणार न्हाई.” दुसऱ्याच दिवशी आम्ही तिघं सांगलीत होतो.

रक्तातला पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या दुखण्याचा इशारा देणारा आकडा, फार वाढला होता. डॉक्टरांनी प्रोस्टेटचा तुकडा काढून तपासायला पाठवला. कॅन्सर निघाला, ग्लीसन स्कोअर नऊ.

“कितीपैकी?” वडिलांनी विचारलं.

“दहापैकी.”

वडील खुर्चीत ताठ बसले. शाळेत एवढे गुण त्यांना कधीच पडले नव्हते. “म्हंजे लय चांगलं की.”

“उलटं असतं, सुभेदारसाहेब. आकडा जेवढा मोठा, तेवढा रोग आडदांड.”

हाडांच्या स्कॅनमध्ये मणक्यांत आणि खुब्यात काळे ठिपके दिसले. तिन्ही तज्ज्ञ ज्या कमरेवर प्रयोग करत होते, तिथे कॅन्सर कधीच मुक्कामाला आला होता.

“घरात आणखी कुणाला होता?” डॉक्टरांनी विचारलं.

“न्हाई. थोरला भाऊ कंबर जाऊन गेला, पर त्यो ट्रॅक्टरवरनं पडला हुता.”

आई हळूच म्हणाली, “पडायच्या आदी सा म्हैनं लंगडत हुते भावजी.”



दर तीन महिन्यांनी इंजेक्शन सुरू झालं. त्याने पुरुषी हार्मोन बंद होतो आणि अंगातून वाफा निघतात. भर थंडीत वडील टेबलपंखा लावून बसू लागले. आई म्हणाली, “पाळी जाताना मला पाच वर्सं असंच हुतं. तवा तुमी म्हणलासा, उगं नखरं करती.” वडिलांनी पंख्याचं तोंड तिच्याकडे वळवलं.

दुखणं पुष्कळ कमी झालं, आकडा खाली आला. रोग आटोक्यात राहील, जाणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. वडिलांनी ते माझ्या भावालाही सांगितलं आणि तपासणीला चल म्हणाले.

“मला काय हुतंय?” पन्नाशीला टेकलेला भाऊ म्हणाला. घराण्यातली ही अक्कल वाया जाऊ द्यायची नाही, असं त्याने ठरवलं असावं.

“तुझा चुलता बी हेच म्हणायचा,” वडील म्हणाले. “गाडीत बस.”

त्याचा आकडा ठीक निघाला. दर वर्षी यायला सांगितलंय. परतताना वडील कडेगाव येईपर्यंत ऊसतोडीबद्दल बोलत होते.