खडीच्या खाणीतल्या पुंगळ्या

आर्डिस टॉल्फसनने तीस वर्षं शाळेची बस चालवली आणि त्यात रस्त्यापेक्षा मागच्या आरशाकडेच जास्त पाहिलं, असं हॅलर खोऱ्यातले लोक म्हणत. ते खरं नव्हतं. रस्त्यावरही तिचा विश्वास नसल्यामुळे नजर दोन्हीकडे सारखीच असे. दुकानातून आणलेलं लोणी ती घरच्या काट्यावर पुन्हा तोलायची. रेडिओवर हवामान ऐकून झालं की दार उघडून स्वतः आभाळ बघायची. तू देवाकडेही पावती मागशील, असं तिचा नवरा हार्लन म्हणायचा.

हार्लनला जाऊन चार हिवाळे झाले होते. त्याचा उजवा डोळा अधू, त्यामुळे शिकारीचं काम पहिल्यापासून तिचंच. नोव्हेंबरात एल्कची, म्हणजे सांबरासारख्या थोराड हरणाची, एक मादी मिळाली की फ्रीझर भरायचा आणि हिवाळा निघायचा. मॉन्टानातल्या त्या कोपऱ्यात दुकानातलं मांस बसवालीच्या पेन्शनीत बसणारं नव्हतं. मात्र वडिलांच्या रायफलीला लागणारी 'थ्री हंड्रेड सॅव्हेज' काडतुसं दोन वर्षं कुठल्याच दुकानात दिसली नव्हती. घरात तीन उरली होती. त्या वर्षी सगळीकडेच टंचाई होती आणि ज्याला जे मिळेल ते तो घरात भरून ठेवत होता.

म्हणजे अडुसष्टाव्या वर्षी नवी रायफल घ्यायची, एकदाच, आणि तिचं काडतूस हातपाय चालतील तितकी वर्षं मिळायला हवं. निवड चुकली तर भिंतीवर सुंदर रायफल आणि फ्रीझरात नुसता बर्फ.

चाळीस मैलांवर ड्वेन ओस्बीचं पशुखाद्याचं दुकान होतं. मागच्या कपाटात तो काडतुसं ठेवायचा. लहानपणी तो तिच्याच बसने जायचा.

"मिसेस टॉल्फसन, हे बघा," एका नव्याच निघालेल्या काडतुसाच्या खोक्यांवर हात ठेवून तो म्हणाला. "बाकी सगळं संपलंय आणि याचा कप्पा भरलेला. अजून काय पाहिजे?"

"सगळं संपलं तेव्हा हे का नाही संपलं, ते सांग."

ड्वेन दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. आर्डिसला उत्तर ठाऊक होतं. त्या काडतुसाची रायफल खोऱ्यात कुणाकडेच नव्हती. आहे तो साठा खपला की ड्वेन पुन्हा मागवणार नव्हता.

दुकान रिकामं असताना खोऱ्यातली माणसं शेजाऱ्याकडून मूठभर काडतुसं उसनी आणत. तेव्हा शेजारी जे वापरतात तेच घ्यावं, असं तिने ठरवलं. पण त्या वर्षी कुणाला असलं काही विचारणं म्हणजे बँकेतली शिल्लक विचारण्यासारखं होतं. तिने तीन घरी विचारून पाहिलं. पाद्रीबाईंनी तर आमच्याकडे बंदूक कुठली, असं सांगितलं, आणि त्यांच्या डोक्यावर भिंतीला सहा फाट्यांची शिंगं लटकत होती.

आर्डिसने मग बादली घेतली आणि खडीची खाण गाठली. हंगामाआधी सगळं खोरं रायफलींचा नेम तपासायला तिथेच येतं आणि झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या जमिनीवर पडून राहतात. त्या तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरल्या आणि बुडावरचे आकडे वाचून ढीग लावले. सगळ्यांत मोठा ढीग 'टू सेव्हन्टी' काडतुसांचा झाला. त्याचीच रायफल घ्यायला ट्रकची किल्ली उचलून ती दारापर्यंत गेलीसुद्धा.

तिथेच ती थांबली. 'थर्टी ऑट सिक्स'ची एकही पुंगळी नव्हती. या खोऱ्यात युद्धापासून घराघरांत, आजोबांपासून नातवापर्यंत याच काडतुसाची रायफल चालत आलेली. म्हणजे तेवढ्याच पुंगळ्या कुणीतरी वेचून नेत होतं. बसमधली मागची बाकं अचानक गप्प झाली की तिच्या मानेवर जसा काटा यायचा, तसाच आला.

पुढच्या रविवारी प्रार्थनेनंतर माणसं येऊन नेम तपासून गेली. आर्डिस खाणीच्या कडेला ट्रकमध्येच बसून राहिली. थोड्या वेळाने उत्तरेकडचा शेजारी मिलर्ड क्वांडे आला आणि कॉफीचा डबा बाजूला ठेवून गुडघ्यांवर रांगू लागला. नऊ वर्षांपूर्वी त्याने फाटक उघडं टाकलं आणि तिच्या कालवडी महामार्गावर गेल्या, तेव्हापासून दोघांत हवामानापलीकडे बोलणं नव्हतं. ती जाऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

"कानातलं यंत्र पडलंय," मिलर्ड म्हणाला.

"दोन्ही कानांत आहेत तुझ्या."

तो सावकाश उठला. "कुणी पाठवलं तुला?"

कुणी नाही, हे त्याला पटायला बराच वेळ लागला. मग तुकड्यातुकड्यांत बाहेर आलं. तो तळघरात रिकाम्या पुंगळ्यांत दारू आणि गोळी बसवून त्या पुन्हा भरायचा. साचा एकच, थर्टी ऑट सिक्सचा. अकरा घरं त्याच्यावर अवलंबून होती, पाद्रीबाईंचंही. विकायला परवाना लागतो म्हणून पैसे घेत नव्हता, तरी सरकारी माणूस केव्हाही दारात येईल या धास्तीने त्याने सगळ्यांना गप्प राहायला लावलं होतं.

"आणि मला वगळलंस."

"तुझी रायफल वेगळी. शिवाय फाटकावरून तू माझ्याबद्दल काय बोलत फिरलीस ते कळलंय मला. वाऱ्याने उघडलं होतं ते."

"वारा कडी काढत नाही, मिलर्ड."

तो डब्यातल्या पुंगळ्या हलवत राहिला. शेवटी म्हणाला, "थर्टी ऑट सिक्स घे. पाच देईन. पुंगळ्या परत आणल्यास की जितक्या आणशील तितक्या पुढच्या."

"आणि तू भरलेलं माझ्या तोंडासमोर फुटलं तर?"

"तर पुंगळ्या परत येणार नाहीत."

तिने थर्टी ऑट सिक्सचीच एक वापरलेली रायफल विकत घेतली, तीही नळीत स्वतः डोकावून. पहिली गोळी तिने मिलर्डलाच झाडायला लावली. काही झालं नाही. मग दोन तिने झाडल्या आणि दोन्ही निशाणाच्या कागदावर शेजारी शेजारी बसल्या. चौथ्या गोळीने नोव्हेंबरच्या दुसऱ्या बुधवारी, देवदारांच्या कडेला, एल्कची मादी पाडली.

मांस फ्रीझरात गेल्यावर ती चार पुंगळ्या घेऊन मिलर्डच्या घरी गेली. त्याने एकेक उजेडात धरून भेग शोधली. पाचवी कुठे, म्हणून विचारलं.

"ती अजून भरलेली आहे. ती माझ्याकडे राहील."

मिलर्ड कुरकुरत तळघरात उतरला आणि आतून कडी लावून घेतली. वर येऊन त्याने चार काडतुसं टेबलावर ठेवली, बाकीच्या घरांसाठी भरलेल्या काडतुसांचा डबा काखेतच धरला. आर्डिसने चष्मा लावला आणि एकेक उचलून बुडापासून टोकापर्यंत तपासू लागली. मिलर्ड समोरच उभा राहिला, ती चारच उचलते आहे ना हे बघत.