छबुमावशीचा न थांबणारा गाडा

युसूफ वडगाव या गावात वीस वर्षं टमाटे विकणारी छबुमावशी हातगाडा इतका अलगद ढकलते, की वरच्या टमाट्यानं खालचा दबत नाही. म्हणून कॉलेजच्या फिल्मसाठी मी मोबाईल घेऊन तिच्या रिकाम्या गाड्यावर, तिच्याकडे तोंड करून बसले. गल्लीभर कॅमेरा न थांबता सरकायला हवा होता.

काय सरकला! जसा पाण्यावरून. आणि रोजचं गिऱ्हाईक असलेल्या मुक्ताबाईच्या दारात गाडा थांबला.

"मावशी, थांबायचं न्हाई!"

"हात आपसूक थांबत्यात गं," ती करवादली. "आता थांबले तर नावाची छबू न्हाई."

पुन्हा पहिल्यापासून निघालो. मावशी थांबली नाही, पण सवयीनं "टमाटेऽऽ" अशी हाळी गेलीच. बाया ताटं घेऊन बाहेर आल्या आणि गाडा पुढं चाललेला बघून मागं धावल्या. फ्रेममध्ये घामाघूम मावशी, तिच्यामागं अकरा बाया, अकरा ताटं! हसून माझं पोट दुखलं, तरी कॅमेरा तसूभर हलला नाही.

"छबे, आमच्यावर रुसलीस व्हय?" मुक्ताबाई धापा टाकत ओरडली.

मावशीनं गाडा आणखी पळवला. "रुसले न्हाई गं! थांबले तर ही पोरगी पुन्हा पहिल्यापासनं ढकलायला लावती!"