सरकारांचे मासे आणि मागच्या भिंतीची गळती

कुणाच्या घरी नळ ठिबकायला लागला की लोक दुरुस्तीला प्लंबर बोलावतात आणि गप्पांना मला! गळतीचं नाव निघालं की माझे किस्से सुरू होतात, हे आता सगळ्यांना पाठ झालंय. मी ते मुद्दाम जमवलेले नाहीत. निजामाच्या अमदानीत एका जहागीरदारांच्या कचेरीत मी कारकून होतो, तिथं ते आपोआप साचत गेले. आता एक सांगायला घेतला की मागचा त्याला ढकलत पुढं येतो.

गाव आष्टीकडचं. नाव सांगत नाही, त्यांची नातवंडं अजून मिशा पिळत फिरतात. गोड्या पाण्याची विहीर गावात एकच, आणि चैत्र लागला की तिचाही तळ दिसायचा. अशा गावात आमच्या जहागीरदारांना माशांची हौस आली! त्यांना आम्ही सरकार म्हणायचो. हैदराबादेला कुणाच्या तरी देवडीत, म्हणजे तिकडच्या वाड्यात, त्यांनी काचेच्या पेटीत पोहणारे लाल मासे पाहिले होते. परत आले ते पेटीची ऑर्डर देऊनच.

पेटी आली, मासे आले. गच्चीवर लोखंडी टाकी बसली. टाकीतून शिशाचा पाईप मागच्या भिंतीवरून खाली आला, भिंतीच्या भोकातून दिवाणखान्यात शिरला, तिथं पितळी तोटी आणि तोटीतून पेटीत कारंजं. कारंजं केवढं, तर करंगळीएवढं! जास्तीचं पाणी सरकारांच्या गुलाबांना. त्यासाठी लालमियाँ पखालवाला रेड्यावरून रोज दोन कातडी पखाली गोडं पाणी आणून टाकीत ओतायचा. तोवर गावच्या बायका विहिरीवर घागरी घेऊन उभ्या. आधी मासे, मग माणसं.

*

पहिल्या दिवशी सरकारांनी स्वतः तोटी फिरवली. कारंजं उडालं. सगळे "वा वा" म्हणाले. आणि सरकारांची मोजडी ओली झाली.

पेटीच्या एका कोपऱ्यातून पाणी झिरपत होतं. पण सरकारांनी आणलेली वस्तू गळते, हे म्हणायचं कुणी? सगळे दिवाणजींकडं बघायला लागले. दिवाणजी म्हणजे सरकारांचे उजवे हात. सरकार शिंकले तर हे रुमाल काढणार.

दिवाणजींनी वाकून बघितलं, चष्मा पुसला आणि सांगितलं, "घाम आहे, सरकार. एवढ्या लांबून आलीय, दमली असेल."

सरकारांना ते पटलं! त्यांनी हाक मारली, "पंखा!"

दोन गडी दिवसभर त्या काचेच्या पेटीला वारा घालत बसले. संध्याकाळपर्यंत सतरंजी भिजून चिंब झाली होती.

*

मग भिवा तांबटाला बोलावलं. भिवा आमच्या गावचाच. भांड्यांना कल्हई करायची, फुटक्या हंड्यांना कथलाचा डाग द्यायचा, नव्या भांड्यांवर नावं कोरायची, ही त्याची कामं. हात सोन्याचा, जीभ तिखट.

तोटीजवळचा सांधा बघून तो म्हणाला, "पाणी बंद करा, पाईप वाळू द्या. मंग डाग देतो."

सरकार म्हणाले, "पाणी बंद होणार नाही. मासे घाबरतील."

"सरकार, वल्या पाईपाला डाग धरत न्हाई."

"न धरायला काय झालं? आमचा हुकूम आहे!"

आणि खरोखरच हुकूम निघाला. मीच लिहिला. 'सांध्यास डाग देण्यात यावा, व त्याने तो धरावा.' खाली शिक्का. भिवानं कागद डोक्याला लावला, घडी घातली, सांध्याभोवती गुंडाळला आणि वरून सुतळी आवळून बांधली.

दिवाणजी ओरडले, "अरे, हे काय केलंस?"

"हुकूम लावलाय, दिवाणजी. आता गळला तर पाईपच गुन्हेगार. माझा काय संबंध न्हाई."

तासाभरात कागदाचा लगदा झाला. शिक्क्याची शाई मात्र चांगली निघाली, माशांचं पाणी दोन दिवस जांभळं होतं!

*

पेटीच्या कोपऱ्यावर दिवाणजींनी घरगुती इलाज काढला. उडदाचं पीठ, गूळ आणि चुना. "आमच्या आजोबांनी ओटा बांधला तो याच मसाल्यानं. अजून चिरा हललेला नाही!" भिवानं राळ सुचवली होती, ती दिवाणजींनी हसण्यावारी नेली. मसाला त्यांनी स्वतःच्या हातानं आतून बाहेरून थापला.

तीन दिवस थेंब नाही. दिवाणजी छाती काढून फिरायला लागले. मासे गुटगुटीत दिसायला लागले. सरकार खूश, "आपलं पाणी मानवलं त्यांना!"

चौथ्या दिवशी पेटीचा कोपरा उकलला आणि अर्धा दिवाणखाना पाण्यात गेला. मासे आतून मसाला खात होते, मुंग्या बाहेरून! दोघांची मध्ये गाठ पडली तेव्हा आम्हाला कळलं.

शेवटी भिवानं पेटी वाळवून राळेनं कोपरे भरले. पुढं ते कधी गळले नाहीत. पण ओट्याची गोष्ट दिवाणजींनी पुन्हा काढली नाही.

*

तोटीला वॉशर पाहिजे होता. गावात रबर मिळेना. लालमियाँनं जुन्या पखालीतला एक तुकडा कापला, तेलात बुडवला आणि भिवाला दिला. तोटी गप्प झाली.

पण दिवाणजींच्या ते लक्षात आलं. कातडं! पखालीचं! त्यांनी जाहीर केलं की त्या पाण्याला ते बोटसुद्धा लावणार नाहीत. माशांना चारा घालायचं कामही त्यांनी सोडून दिलं.

लालमियाँ रेड्याच्या पाठीवरून पखाल उतरवत होता. तिथूनच त्यानं विचारलं, "दिवाणजी, तुमी ज्या हिरीचं पाणी पेता, तिच्यावरची मोट कशाची हाय? चांदीची?"

दिवाणजींना त्या दिवशी कचेरीत फार काम निघालं.

*

आता मागच्या भिंतीचं सांगतो. पाईप जिथं वळून आत शिरायचा, तो सांधा गल्लीच्या बाजूला होता आणि पहिल्या दिवसापासून गळत होता. धार सुतळीएवढी. पण रात्रंदिवस.

गल्लीत सखूबाई राहायची. तिची लेक बाळंतपणाला आलेली, पोर दहा दिवसांचं. विहिरीवर सखूबाईचा नंबर लागेपर्यंत खाली चिखल उरायचा. तिनं या धारेखाली घागर लावली. बाळंतिणीची घागर भरली की मग इतरांच्या, अशी गल्लीनं पाळीच लावून घेतली. कुणी भांडलं नाही. सगळ्या गावात बायका भांडत नव्हत्या अशी पाण्याची जागा तेवढी एकच.

भिवानं आतली एकेक गळती बंद केली. बाहेरच्या सांध्याचं विचारलं की मात्र म्हणायचा, "त्यो लई अवघड हाय." एकदा मी गल्लीतून जाताना तो त्या सांध्यापाशी बसलेला दिसला. हातात पक्कड. आवळत नव्हता, सैल करत होता!

त्यानं मला पाहिलं. "कारकूनदादा, काय बघताव?"

"कुठं काय?"

"मंग झ्याक."

मी पुढं निघालो, तर घागरींच्या रांगेत एक पितळी कळशी दिसली. गळ्याशी भिवाच्याच हातानं नाव कोरलेलं. वाचलं. दिवाणजींच्या मंडळींची कळशी! पखालीचं पाणी, कातड्याचं, बाटलेलं, आणि पाळीत चौथा नंबर! हसू आवरत मी कचेरी गाठली. दिवाणजींना या कळशीचं ठाऊक होतं की नाही, हे मात्र मला तेव्हा ठरवता आलं नाही.

*

औरंगाबादेहून एक बडे अंमलदार मासे बघायला येणार असा निरोप आला, आणि सरकार नेमके त्याच दिवशी गच्चीवर चढले. वरून त्यांना गल्लीतली रांग दिसली.

"आमच्या माशांचं पाणी चोरतात!"

हुकूम सुटला. भिंत कोरडी झाली पाहिजे. पुन्हा एक थेंब जरी दिसला तरी भिवाचं बलुतं बंद, घर खाली करून गाव सोडायचं. तोही हुकूम मीच लिहिला. अक्षर माझं चांगलं होतं ना!

भिवाला चार लेकरं. या वेळी त्यानं पाणी बंद करायला लावलं, मासे हंड्यात हलवले, पाईप रिकामा करून फडक्यानं कोरडा केला. जवसाच्या तेलात शेंदूर कालवला, त्यात तागाचे धागे माखून सांध्याला गुंडाळले, आणि दोन दिवस उन्हात वाळू दिलं. मग पाणी सोडलं. एक थेंब नाही. हे काम त्याला पहिल्यापासून येत होतं, हे तेव्हा सगळ्यांना कळलं.

बडे साहेब आले. पेटीपुढं बराच वेळ उभे राहिले. सरकार श्वास रोखून बसले होते. साहेबांनी विचारलं, "इन को पकाते कैसे हैं?"

सरकारांनी घाईघाईनं पानाचा डबा पुढं केला. साहेब पान खाऊन निघून गेले.

मी मागच्या गल्लीत गेलो. कोरड्या भिंतीखाली घागरी तशाच रांगेत होत्या, रिकाम्या. आत बाळ रडत होतं. सखूबाई भिवाला म्हणाली, "लई पक्कं काम केलंस रं, भिवादादा." त्यानं मान वर केली नाही. मलाही माझ्या चांगल्या अक्षराची लाज वाटली. खरंच वाटली.

*

गळती पुन्हा होऊ नये म्हणून सरकारांनी दर शनिवारी भिंतीचा पंचनामा ठरवून दिला. पंचनामा मी लिहायचा, आणि दिवाणजींनी कचेरीत वाचून दाखवायचा.

पहिल्याच शनिवारी मी दौत आणि कागद घेऊन गल्लीत गेलो. सांध्यातून सुतळीएवढी धार लागली होती. खाली सखूबाईची घागर, मागं रांग, रांगेत पितळी कळशी. पलीकडून भिवाच्या हातोडीचा आवाज येत होता, ठाक ठाक, जसं काही झालंच नाही. बायका माझ्याकडं बघत होत्या. कुणी काही मागितलं नाही.

मी धारेशेजारीच बसलो, गुडघ्यावर कागद ठेवला आणि लिहिलं, 'भिंत समक्ष पाहिली. सांधा कोरडा ठणठणीत आहे.' लालमियाँनं पंच म्हणून अंगठा उठवला. तो आताच पखाल ओतून आला होता.

कचेरीत सरकारांनी कागद आधी स्वतःच्या हातात घेतला. शाई पसरलेली. अंगठ्याचा ओघळ झालेला. कोपऱ्यातून एक थेंब त्यांच्या धोतरावर पडला.

"कोरडी आहे म्हणता, आणि कागद असा ओला कसा?"

भिवाचं घर, बलुतं, चार लेकरं, सगळं डोळ्यांपुढून गेलं. दिवाणजींनी कागद मागून घेतला. तो उजेडात धरला. मग माझ्याकडं बघितलं आणि चष्मा काढून सावकाश पुसला.

"घाम आहे, सरकार."

"एवढा?"

"फार प्रामाणिक माणूस आहे. दमतो."

सरकारांनी एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघितलं. मग ओरडले, "पंखा!"

आणि भर कचेरीत ते दोन गडी मला वारा घालायला लागले.